ठकठक वाढली, जंगल सुखी

फार पूर्वी, जंगलाचा विकास झाला तेव्हाची गोष्ट. सुतार पक्षी वठलेल्या झाडांत ढोल्या कोरून पोपटांना विकायचा. सिंह महाराजांनी रुंद रस्त्यासाठी वठलेली झाडं पाडली. उरले ते टणक साग.

प्रधान हत्ती पाहणीला आला. "वा! दिवसभर ठकठक! धंदा जोरात दिसतोय."

"कसला धंदा, साहेब! पूर्वी दुपारपर्यंत ढोली व्हायची. आता दिवसभर ठोकून नुसती चोच झिजते."

"म्हणजे काम दुप्पट झालं!" हत्तीने दरबारात तसंच सांगितलं. महाराजांनी स्वतःचा सत्कार करून घेतला.

पुढच्या पाहणीला जंगल चिडीचूप होतं. सुतार पक्षी मोडकी चोच घेऊन केव्हाच निघून गेला होता.

"बघा," उघड्यावर भिजणाऱ्या पोपटांना हत्ती म्हणाला, "आता सगळी कामं वेळेत उरकतात!"