गाढवाची वाकडी वाट

लय लय वर्षांपूर्वी, तुमच्या खापरपणजोबांना दात पण यायचे होते, तेव्हा एका नगरात एक राजा होता. नगराच्या मधोमध एक माळ होता. माळावर कडुनिंबाची झाडं, वाटेल तिथं उगवलेली. रांग नाही का काही नाही.

राजवाड्याच्या गच्चीवरून राजाला तो माळ दिसायचा आणि त्याचं डोकं दुखायचं. म्हणून त्यानं बागा आखणारा एक पंडित बोलावला. पंडित गच्चीवर बसला, सरबत प्याला आणि कागदावर पट्टीनं एक रेघ ओढली. वेशीपासून थेट नदीपर्यंत.

"इथं काळी फरशी," तो म्हणाला. "मधे येतील ती झाडं तोडायची. वरून काय दिसेल बघा."

राजानं वरून बघितलं. खूश झाला.

झाडं पडली, फरशी बसली. कडेनं शोभेची फुलझाडं लागली, गुडघ्याएवढी. त्यांच्या सावलीत उंदीर पण मावला नसता.

त्या नगरात एका परटिणीचं गाढव होतं. रोज दुपारी वाळलेल्या कपड्यांचं ओझं घेऊन ते नदीवरून यायचं. चैत्रातल्या एका दुपारी त्यानं फरशीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला. तवा परवडला. मग ते खाली मातीत उतरलं आणि उरलेल्या झाडांखालून, ह्या सावलीतून त्या सावलीत, वाकडंतिकडं घरी आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यामागं परटीण. मग भाजीवाल्या, मग पोरं, मग अख्खं नगर. आठ दिवसांत गवतात वाट पडली.

पंडिताला ती गच्चीवरून दिसली. आपल्या चित्रावर कुणी रेघोट्या मारल्यासारखा तो तापला. लगेच दवंडी पिटली. फरशी सोडून जो चालेल त्याला दहा फटके. आणि उरलेली झाडं पण उद्या तोडणार, म्हणजे वाटेचं नावच नको.

माणसं घाबरली. चटके खात फरशीवरून जायला लागली. पण दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाले आले तर सगळ्यात जुन्या कडुनिंबाला पाठ लावून गाढव बसलेलं.

"ऊठ," पंडित म्हणाला.

"नाही उठत."

"गाढवा, तुला बागेतलं काय कळतं?"

"बागेतलं नाही, पायातलं कळतं. तू कधी चाललायस का इथून?"

"मी आखतो. चालायचं काम तुमचं."

"मग कुठून चालायचं, ते पण आमचंच."

"फटके पडतील."

"मार की. मी परटाचं गाढव आहे. रोजचंच आहे ते."

लोक हसले. परटीण पुढं झाली आणि गाढवाच्या शेजारी मांडी घालून बसली. मग भाजीवाल्या बसल्या, पाट्यांसकट. कुऱ्हाडवाले नुसते उभे.

राजाला बातमी गेली. ऐन दुपारी पालखी निघाली. भोई अनवाणी. फरशीवर कशीबशी वीस पावलं गेले आणि खाली उतरून वाकड्या वाटेला लागले.

"अरे, कुठं चाललात?" राजानं विचारलं.

"महाराज, वर तुम्ही बसलाय," पुढचा भोई म्हणाला. "खाली पाय आमचे आहेत."

पालखी कडुनिंबाखाली थांबली. गाढव पंडिताला म्हणालं, "हे पण फरशी सोडूनच आले. आधी कोणाला मारतोस, मला का ह्यांना?"

कोणी हसलं नाही. म्हणजे तोंडावर तरी नाही.

राजा खाली उतरला. जोडे काढले आणि गेला फरशीवर. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं काही पडलं नाही. उड्या मारत सावलीत परत आला.

"कुऱ्हाडी खाली ठेवा," तो म्हणाला. "आणि पंडित, तुम्ही चपला काढा."

तो अख्खा उन्हाळा पंडित भर दुपारी अनवाणी माळावर फिरला. त्याचा पाय जिथं भाजला, तिथं लोकांनी कडुनिंब लावला. लोकांनी पाडलेली वाट तशीच मातीची राहिली. फरशी उखडली आणि परटिणींनी ती धुणं आपटायला घाटावर नेली. पंडितानं पुन्हा कधी गच्चीवर बसून बाग आखली नाही.

बोध: जिथं आपले पाय कधी भाजले नाहीत, तिथं दुसऱ्यांनी कुठून चालायचं हे आपण ठरवू नये.