बाराची गाडी

“रूळ उखडून अठरा वर्षं झाली, बाबा. मग हे फाटक रोज कुणासाठी लावता?”

कासमबाबा हिरव्या निशाणाची धूळ झटकत राहिले.

परागनं वर्षभर त्यांच्या पायाशी बसून हे जंगल शिकून घेतलं होतं. कोणता पक्षी कधी गप्प होतो आणि का, हे तो आता डोळे मिटून सांगे. जुन्या रेल्वेमार्गाची निसर्गवाट व्हावी, म्हणून वणवण केली ती त्यानंच. उद्या वाट लोकांसाठी खुली होणार होती. आज फाटकाची किल्ली मिळाली नाही, तर उद्या माणसं येऊन फाटक कापणार होती आणि म्हाताऱ्याला शेजारच्या खोलीतून बाहेर काढणार होती.

“शाळेची पोरं येतील इथं. त्यांना काय सांगू? भूत येतं म्हणून?”

“भूत काहून म्हणतोस? बाराची गाडी म्हण.”

“मी आज वाटेत उभा राहतो. बघतोच काय येतं ते!”

“राहा.”

दुपारचे बारा वाजले. बाबांनी फाटकाचं चाक फिरवलं. दांडा करकरत खाली आला. कुलूप लागलं.

पराग छाती काढून वाटेच्या मधोमध उभा राहिला.

आधी घुमणारे होले गप्प झाले. मग रानकिडे.

चरून परतणारी गुरं आपणहून दांड्याशी थांबली. माकडं झाडावरून उतरून वाटेच्या दोन्ही कडांना बसली. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

पान हलत नव्हतं...

परागच्या तळपायांखाली जमीन बारीक थरथरू लागली.

बाबांनी निशाण उंच धरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. पराग भानावर आला तेव्हा वाटेवर नव्हता. खाली चरात, सागाच्या खोडाला पाठ चिकटवून उभा होता.

“गेली, बाबा,” तो कसाबसा म्हणाला. “उघडा आता.”

बाबांनी गळ्यातली किल्ली काढली. त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली.

“घे. हीच पाहिजे होती ना तुला?”

निशाण गुंडाळून ते खोलीकडे चालू लागले.

परागनं धावत जाऊन किल्ली कुलपात घातली. गुरांनी मान वळवली नाही. होले अजून गप्पच होते.

त्याचा हात थांबला.

“बाबा... उघडू ना?”

बाबा मागं न बघता म्हणाले,

“शेवटचा डबा गेला?”