न गडगडणारी दांडी

फार फार पूर्वी, डोंगरापलीकडे कातारी लोकांचं एक गाव होतं. कातारी म्हणजे लाकूड चरकावर फिरवून, पटाशीने सोलून गोल करणारे कारागीर. भोवरे, पाळण्याचे खांब, लाटणी, लेखणीच्या दांड्या, जे करतील ते गोल. आणि गोल म्हणजे किती? एकीच्या हातून लाटणं निसटलं, ते उतारावरून गडगडत शेजारच्या गावात गेलं, तिथल्या लग्नाच्या पोळ्या लाटून आलं आणि दारात येऊन अंगावरचं पीठ झटकलं, असं तिथली माणसं शपथेवर सांगायची. ऐकून पाहुणा हसला तर त्याला जेवायला वाढत नसत.

दर जत्रेला देवळासमोरच्या फरशीवर जो तो आपण केलेली लेखणीची दांडी सोडायचा. ज्याची दांडी सर्वांत लांब गडगडेल, त्याला वर्षभर पंगतीत पहिला पाट. यंदा तो मान येसूचा होता. येसू हाताची चलाख आणि तोंडाची त्याहून. तिची शिसवी दांडी फरशीवरून जी निघाली, ती थेट ओढ्याकाठी रवंथ करणाऱ्या म्हशीच्या नाकाशी जाऊन थांबली. म्हैस शिंकली, तेव्हा परतही आली म्हणे. तेव्हापासून येसू ती दांडी कंबरेला खोचूनच हिंडायची.

पण पहिल्या पाटावर बसून वाढून घ्यायला गावात काही उरलं नव्हतं. राणीच्या रक्षकांनी रान बंद केलं होतं. लाकूड नाही, म्हणून चरक थांबले. विकायला काही नाही, म्हणून डबे रिकामे. शेवटी तर लोक चुलीत भोवरे घालू लागले.

अशात एका सकाळी राणीसाहेबांची पालखी त्या वाटेने आली. सगळं गाव पालखीला आडवं गेलं. राणीने गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रान तुमचं. पण माझे रक्षक तोंडी हुकूम मानायचे नाहीत. सनद लिहून आणा, मी शिक्का उठवते. एक मात्र ध्यानात ठेवा, डाग पडलेल्या सनदेवर माझा शिक्का बसत नाही. आणि ऊन कललं की माझी पालखी उठेल."

गावात लिहिणारे एकटे चिटणीस आजोबा. अक्षर असं, की वाचता न येणारेही बघत उभे राहायचे. पण आता त्यांची बोटं आखडली होती, आणि त्यांची जुनी लेखणी नेमकी त्याच सकाळी दुभंगली.

"हात्तिच्या!" गावचा थोरला कातारी म्हणाला. "दांड्यांच्या गावात दांडीची चिंता? घ्या ही माझी!"

दांडीच्या टोकाला बोरूचा तासलेला तुकडा खोचला, आजोबा उतरत्या मेजाशी बसले आणि लिहू लागले. पहिली ओळ झाली. शाईवर वाळू शिंपडायला त्यांनी लेखणी क्षणभर मेजावर ठेवली, आणि ती गडगडली! गेली ती कागदावर काळी रांगोळी काढतच गेली.

दुसरा कागद, दुसऱ्याची दांडी. ही तर आजोबांच्या बोटांतूनच सटकली आणि थोरल्याच्या फेट्यात जाऊन उभी राहिली. जाताना कागदावर शाईचा सडा.

"आजोबा, नीट धरा की!"

"धरतोय रे बाबा! पण हे लाकूड आहे का मासा?"

राणीच्या कारकुनाने आणखी एक कागद पुढे केला. "हा शेवटचा."

सगळे त्या कागदाकडे बघत राहिले. येसू मात्र आजोबांच्या हाताकडे टक लावून बघत होती. अख्ख्या गावाने जन्मभर लेखणीच्या दांड्या केल्या होत्या, पण लिहिणारा ती धरतो कशी, हे कुणी एकदाही बघितलं नव्हतं. फरशीवर किती धावते, एवढंच बघितलं होतं.

तिने घरातून मेणाचा गोळा आणला, हाताच्या उबेने मऊ केला आणि त्याची कांडी वळून आजोबांना दिली. "लिहिताय असं समजून धरा."

आजोबांनी धरली. अंगठा खोल रुतला. मधलं बोट वाकेना, ते तिरकंच टेकलं. मेणावर खळगे उमटले.

"असं लाकूड पाहिजे," येसू म्हणाली. "द्या कुणीतरी एक दांडी. तासायची आहे."

झालं! ज्याने त्याने आपापल्या कंबरेच्या दांडीवर हात ठेवला. थोरल्याने तर फेटाच घट्ट धरला.

येसूने आपली शिसवी दांडी काढली. एकदा तळहातावर फिरवली. मग डोळे मिटून पटाशी लावली आणि दांडीची एक बाजू सपाट सोलून टाकली.

गर्दीतून हाय निघाली. थोरला ओरडला, "येसू! अगं सपाटी काढतेस? पहिला पाट गेला समज!"

"त्या पाटावर वाढायला काय आहे, तेवढं सांगा, थोरले!"

येसूने मेणाकडे बघत बघत अंगठ्याचा खळगा कोरला, बोटाची तिरकी खाच पाडली. उंदराने कुरतडलेल्या काकडीसारखी दिसू लागली ती दांडी. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. येसूने ती उतरत्या मेजावर ठेवली.

म्हशीपर्यंत धावलेली दांडी जागची हलली नाही.

आजोबांनी ती उचलली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं, ही तर माझा हात ओळखते!"

मग जे अक्षर उतरलं, त्याला तोड नाही. आजोबा लिहीत, लेखणी ठेवत, वाळू शिंपडत, पुन्हा उचलत. ऊन कलायला आलं, भोई पालखीपाशी उभे राहिले, आणि शेवटचा काना ओढून झाला. कागदावर एक डाग नाही!

राणीने शिक्का उठवला. मग ती वेडीविद्री दांडी हातात घेऊन बघितली. "माझ्या हातात बसत नाही ही."

"कशी बसेल, राणीसाहेब? ती आजोबांची आहे," येसू म्हणाली आणि मेणाचा गोळा पुढे केला. "तुमची हवी असेल तर हात इकडे करा."

राणी खळखळून हसली, बांगड्या मागे सारल्या आणि मेण मुठीत धरलं.

रान उघडलं. चरक असे घुमू लागले की डोंगरापलीकडच्या लोकांना पाऊस आल्यासारखं वाटे. दूरदूरचे लिहिणारे हाताचे ठसे द्यायला गावात येऊ लागले. पुढच्या जत्रेत थोरल्याने स्वतः पहिला पाट मांडला आणि येसूला हाताला धरून बसवलं. "गोलाई आम्हालाही जमते," तो म्हणाला. "ती कुठे मोडायची, हे हिला कळलं."

त्या भरात थोरल्याने घरच्या लाटण्यालाही सपाटी काढली. बायकोने त्याला वर्षभर चौकोनी पोळ्या खाऊ घातल्या. तिथेही आधी तिचा हात बघायचा राहिलाच होता.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याचा हात आधी बघावा, आपल्या कौतुकाचं माप मग लावावं.