टायरच्या ठशांची रांगोळी

फलटणच्या बाजारपेठेत दामोदरशेठ खटावकरांचं साड्यांचं भलंमोठं दुकान होतं आणि दुकानासमोरच रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते. पट्ट्यांवर माणूस दिसला, की शेठ ब्रेकऐवजी हॉर्न दाबायचे आणि काच खाली करून ओरडायचे, "पायी चालणाऱ्यानं थांबावं! गाडीवाल्याला कामं असतात!"

दर दिवाळीला शेठच्या दुकानात रांगोळी काढणारी सुगंधाबाई एकदा त्यांच्याच चाकाखाली येता येता वाचली.

लक्ष्मीपूजनाला शेठ दुकानात येऊन पाहतात तो काय! उंबऱ्यापासून आत गादीपर्यंत लक्ष्मीच्या पावलांऐवजी टायरचे दोन लांबच लांब ठसे. नक्षीसुद्धा हुबेहूब त्यांच्याच गाडीची.

"अगं बाई, लक्ष्मीची पावलं कुठायत?" भरल्या दुकानात शेठ कडाडले.

सुगंधाबाई पदर सावरत म्हणाली, "शेठ, लक्ष्मीलाही समोरचा रस्ता ओलांडूनच यायचंय. पायी येणाऱ्याला तुम्ही वाट देत नाही. म्हटलं, बिचारी चिरडली जायला नको, गाडीतूनच येऊ दे!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठनी खाली मान घालून स्वतः फडक्यानं ठसे पुसले आणि म्हणाले, "काढ बाई पावलं. चुकलं माझं."

आता पट्ट्यांवर कुणी पाऊल टाकलं, की शेठची गाडी आधी थांबते. मागून कुणी हॉर्न वाजवलाच, तर शेठ खिडकीतून डोकं काढून त्याला दटावतात, "थांब की जरा! लक्ष्मी चाललीय!" मग समोरून पोतं घेतलेला मिशाळ हमाल का जात असेना.