माडीवरचं तळघर

कुरणगडचे राजे मानाजीराव यांना वैशाखात माडीवर झोप लागेना. दगडी गच्ची दिवसभर तापे आणि खाली राजे भाजून निघत. राजवैद्यांनी सुचवलं, तळघरात झोपा. पण राजे अंधाराला घाबरत. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं, बोलत मात्र कोणी नसे. शेवटी त्यांनी धोंडजी गवंड्याला बोलावून फर्मावलं, "महिन्याभरात तळघर माडीवर आण. नाही जमलं तर तूच तळघरात राहा, जन्मभर."

धोंडजी घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची मुलगी सगुणा मात्र छताकडे बघत बसली.

"आबा, आपल्या माळवदाखाली भर दुपारी गार का वाटतं? डोक्यावर माती असते म्हणून. मग तळघराच्या डोक्यावर तरी दुसरं काय असतं?"

"अगं, माळवदावर गवत उगवलं की मी ते उपटत आलोय. मुळं छत फोडतात."

"ती पिंपळाची, आबा. आपण हरळी लावू."

बापलेक कामाला लागले. गच्चीला भार पेलावा म्हणून माडीत दोन जादा खांब दिले. वर चुन्याचा जाड थर घोटला, पाणी वाहून जायला पन्हळी ठेवल्या, खडी पसरली. त्यावर वीतभर माती आणि नदीकाठची हरळी, मुळांसकट. प्रधानजी रोज खालून विचारत, राजवाड्याला केस कधीपासून फुटले?

महिना भरला. राजे कडाडले, "मी तळघर मागितलं आणि या बापलेकीनं कुरण आणलं!"

सगुणाने विनवलं, आधी डोळे बांधून झोपून बघा, मग शिक्षा द्या. दिवसाउजेडी कसली भीती, म्हणत राजे तयार झाले. ऐन दुपारी भोयांनी त्यांना पालखीत घालून जिने इतक्यांदा चढवले-उतरवले, की आपण कुठे टेकलो ते त्यांना कळलंच नाही. अंथरुणाला पाठ लागताच राजे घोरू लागले.

घटकाभराने जाग आली. डोळ्यांपुढे काळोख, अंगाला गारवा. पट्टीचा तर त्यांना विसरच पडला होता.

"मला तळघरात कोणी टाकलं? आधी वर न्या!"

सगुणाने पट्टी सोडली. समोर उघडी खिडकी, खाली उन्हात तळपणारं गाव.

"याहून वर नेलं तर हरळीत झोपावं लागेल, महाराज. तळघर माडीवर आलं, हे आता तुम्हीच सांगितलंत."

राजे डोळ्यांत पाणी येईतो हसले. धोंडजीला त्यांनी राजवाड्याचा मुख्य गवंडी केलं आणि सगुणाला म्हणाले, हवं ते माग. तिने छतावरचं गवत मागितलं, म्हशीसाठी.

तेव्हापासून दर सोमवारी राजवाड्याची हजामत होऊ लागली, आणि गवताचा भारा सगुणाच्या गोठ्यात पोचवायचं काम राजांनी प्रधानजींना दिलं.