दिवाणखान्यातला खांब

इचलकरंजीच्या आप्पासाहेब चौगुल्यांच्या मनात आलं की दिवाणखान्याच्या मधोमध असलेला खांब पाडून टाकायचा, आणि त्यांच्या मनात आलेलं सहसा होतच असे. खांबाच्या बरोबर डोक्यावर नव्या सुनेची, शाल्मलीची, खोली होती. त्यामुळे पाहुण्यांना चहा देऊन झाला तरी ती दारातच रेंगाळली.

घराच्या दुरुस्तीचं काम घेतलेल्या कंत्राटदार यमुनाताई दाभाडे म्हणाल्या, "आप्पासाहेब, वरचा सगळा भार याच खांबावर आहे."

"बाईमाणसाला कंत्राट दिलं की हे असं," आप्पासाहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "उद्या खांब पडला पाहिजे, नाहीतर मी दुसरा कंत्राटदार बघतो."

यमुनाताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "पाडते की. फक्त आमच्या कामावर एक रीत आहे. छताचे टेकू काढताना, ज्याच्या शब्दावर काम झालं त्यानं खाली खुर्ची टाकून बसायचं. आजवर माझ्या प्रत्येक स्लॅबखाली मी बसलेय. इथं शब्द तुमचा, तेव्हा खुर्चीचा मानही तुमचा."

सगळ्या पाहुण्यांनी वर छताकडे पाहिलं. आप्पासाहेबांनीही पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोर चकार शब्द न काढलेली शाल्मली तेवढ्यात म्हणाली, "आप्पा, खुर्ची हातांची ठेवू की बिनहातांची?"

आप्पासाहेब खाकरले.

"ताई, त्या खांबाला जरा चांगलासा रंग काढा," ते म्हणाले. "खांबानं कसा दिवाणखाना भरल्यासारखा वाटतो."