इंदुमतीबाईंचा फसलेला पाठ

डोंगराच्या पायथ्याशी कासेवाडी नावाचं गाव होतं. तिथल्या शाळेत इंदुमतीबाई मुख्याध्यापिका म्हणून नव्यानेच आल्या. बाई हुशार होत्या, प्रशिक्षणात पहिल्या आलेल्या. शाळा चांगली चालावी असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून रोज सकाळी त्या सूचनावहीत एक नवी सूचना लिहीत. चारही शिक्षक ती वाचत, खाली सही करत आणि आपापल्या वर्गात जात.

एके दिवशी सुभद्रा नावाची एक बाई चौथीतल्या आपल्या मुलीला, गोदाला, हाताला धरून घेऊन आली.

"बाई, हिचं नाव काढून टाका," ती म्हणाली. "चौथीत गेली, पन बावन्नातून अठ्ठावीस काढता येत न्हाईत. साळंत बसून काय करायचं? घरी धाकट्याला तरी सांभाळंल."

गोदा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी होती. इंदुमतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

त्यांनी चौथीचा वर्ग तपासला. हातच्याची वजाबाकी निम्म्या मुलांना येत नव्हती. शाळा सुटल्यावर त्यांनी शिक्षकांना बोलावलं.

"वजाबाकीची सूचना मी तीनदा लिहिली होती," त्या म्हणाल्या.

चौथीच्या रेश्माबाईंनी मान खाली घातली. नोकरीला लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं. तेव्हा सर्वांत जुने भालेराव गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, सह्या आम्ही केल्या. पण करायचं कसं, ते वहीत दिसत नाही. एकदा तुम्हीच शिकवून दाखवा."

बाईंना ते लागलं. तरी दुसऱ्या दिवशी त्या चौथीच्या वर्गात उभ्या राहिल्या. शिक्षक मागे बसले. बाईंनी फळा भरून उदाहरणं सोडवली. मुलं ती नुसती उतरवून घेत होती. शेवटी त्यांनी गोदाला एक उदाहरण सोडवायला सांगितलं. गोदाचे डोळे भरून आले. पाठ पार फसला होता.

मुलं बाहेर गेल्यावर बाईंनी विचारलं, "माझं कुठं चुकलं?"

बाईंनी रेश्माबाईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

रेश्माबाई चाचरत म्हणाल्या, "बाई, तुम्ही फळ्याशीच बोलत होता. मुलांकडे पाहिलंच नाहीत."

बाईंचे कान तापले. आपल्या हाताखालच्या, कालपरवा आलेल्या मुलीने हे सांगावं! एक कडक उत्तर ओठांवर आलं होतं. पण त्यांना गोदाचे डोळे आठवले. त्यांनी ते उत्तर गिळलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. उद्या पुन्हा शिकवते. मागे बसाल ना?"

गुरुजींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणले. पुढच्या खेपेला बाई मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. तोही पाठ अर्धवटच जमला. तिसऱ्यांदा बरा झाला. मग रेश्माबाई म्हणाल्या, "आता मी करून पाहते. माझं चुकलं तर सांगा." त्यांच्यामागून गुरुजी उभे राहिले, मग उरलेले दोघे. कुणाचं काही चुकलं, तर बाकीचे सांगत, आणि ऐकणाऱ्याला त्याचं वाईट वाटेनासं झालं. रोज एक तास असा जाऊ लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधी सुभद्रा आली. गोदाने तिला जमिनीवर बसवलं आणि बावन्नातून अठ्ठावीस काढून दाखवायला पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या पुढे मांडल्या.

"आये, दोनातून आठ जात न्हाईत. म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता बारा झाल्या बघ."

सुभद्राने स्वतःच्या हाताने बारातून आठ काड्या बाजूला केल्या. मग दोन गठ्ठे काढले. उरलेल्या काड्या तिने दोनदा मोजल्या. "चोवीस," ती पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने वजाबाकी केली होती.

"कोणत्या बाईंनी शिकवलं गं?" तिने विचारलं.

गोदा विचारात पडली. तिला एक नाव सांगता येईना. "समद्यांनीच," ती म्हणाली.

इंदुमतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. मग रेश्माबाईंना हाक मारून म्हणाल्या, "आता भागाकार. आधी मी चुकते, मग तुम्ही."

तात्पर्य: नुसत्या सूचना देऊन कुणी पुढारी होत नाही; जो सर्वांसमोर चुकायला, सहकाऱ्यांचं ऐकायला आणि पुन्हा करून पाहायला लाजत नाही, त्याच्यामागे सगळी शाळा चालते.